रकाना

५ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतल्या ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने गोळीबार केला. त्या दिवशी जी सहा माणसं गेली, त्यांत परमजीत कौर होत्या. पुढच्याच महिन्यात त्यांचा १८ वर्षांचा मुलगा, हरप्रीतसिंग सैनी, सिनेटच्या समितीपुढे बसला. आई कशी होती ते त्याने सांगितलं आणि मागणी केली, की तिची निदान आकडेवारीत तरी नोंद व्हावी. कारण द्वेषातून झालेल्या गुन्ह्यांची माहिती एफबीआय ज्या फॉर्मवर गोळा करायची, त्यात शिखांसाठी रकानाच नव्हता. २०१५पासून तो आला.

मागणी तशी कारकुनी, पण तिच्यापाठी आईची गोष्ट होती, म्हणून ती पोचली.

त्याआधी, २००१ साली, न्यूयॉर्कमधल्या हल्ल्यानंतर चौथ्याच दिवशी ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्या पेट्रोल पंपासमोर गोळी घातली गेली. मारणाऱ्याने पाहिली ती फक्त पगडी आणि दाढी. सोधींच्या घरोब्यातली, विशीतली विद्यार्थिनी व्हॅलरी कौर कॅमेरा घेऊन निघाली आणि गावोगावच्या शिखांच्या कहाण्या टिपत गेली. पुढे पंजाबात तिने सोधींच्या पत्नीला विचारलं, ‘अमेरिकेतल्या लोकांना काय सांगू?’ त्या माउलीने आभार कळवले! नवऱ्याच्या शोकसभेला हजारो अनोळखी माणसं येऊन रडली होती, ते ती विसरली नव्हती. ती माणसं आली, कारण तिथल्या स्थानिक बातम्यांतून सोधी कोण होते हे त्यांना कळलं होतं.

आपल्याकडे नांदेडला शिखांचं तख्त आहे. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. तरीही आपल्या पोरांच्या कानावर शिखांबद्दल सगळ्यात आधी काय पडतं? बारा वाजल्याचा विनोद. त्यात वाईट हेतू नसेलही, पण माणसाकडे न बघता पगडीकडे बघायची सवय तिथूनच लागते. ती मोडायला भाषणं फारशी उपयोगी पडत नाहीत. वर्गातल्या शीख मुलाशेजारी बसावं, त्याचे आजोबा कुठून आले, का आले, हे त्यालाच विचारावं आणि घरी आल्यावर जेवताना सगळ्यांना सांगावं. त्या घरात पुढचा विनोद सांगणाऱ्याला निदान एक जण तरी थांबवेल.