निर्माता आणि वाटसरू

जी वस्तू मनुष्याने स्वतःच्या बुद्धीने योजिली, स्वतःच्या हातांनी घडविली व स्वतःच्या पैशाने सिद्धीस नेली, ती यथेच्छ वापरण्याचा त्यास अधिकार आहे की नाही? प्रश्न वरवर पाहता सोपा दिसतो. परंतु ती वस्तू मोटारसायकल असेल, तर उत्तर तितके सरळ राहत नाही.

घरच्या पडवीत जुन्या गाडीचा सांगाडा कापून, त्यास नव्या नळ्या जोडून, मनाजोगती मोटारसायकल उभी करणे हा उद्योग सुशिक्षित कुटुंबांत रिकामटेकडेपणाचा समजला जातो. हे मत आम्हास मान्य नाही. यंत्रशास्त्र परीक्षेपुरते पाठ करणाऱ्या दहा विद्यार्थ्यांपेक्षा, पुढचा फोर्क लांब व तिरपा केला असता गाडी सरळ रस्त्यावर स्थिर धावते पण वळणावर जड का होते, हे स्वतःच्या मनगटाने जाणणारा एक तरुण आम्हास अधिक आशादायक वाटतो. हात व बुद्धी यांची आपल्या समाजाने जी फारकत करून ठेविली आहे, ती मिटलीच तर अशा पडव्यांतच मिटेल.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जमवून, सुमारे ६०,००० रुपयांत, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी लहानशी जीप तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर वाखाणणी केली. पण ती नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या तिला अडवतील, असे सांगून मोबदला म्हणून बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये तसा विनिमय झाला. गुणाचा गौरव झाला हे उत्तमच. परंतु निर्मात्याच्या हाती अखेर कारखान्याचीच गाडी आली. मूळ प्रश्न होता तेथेच राहिला.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे की, नोंदणीपत्रातील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यास दुजोरा दिला. कोणी म्हणेल, हा कायदा कारखानदारांच्या सोयीचा आहे. पण वेल्डिंगचा सांधा वरून गुळगुळीत दिसला, तरी आत धातू एकजीव झालेला नसू शकतो. रोजच्या हादऱ्यांनी त्यास बारीक तडा जातो, आणि एके दिवशी भर वेगात सांगाडा मोडतो. निर्मात्याने स्वतःचा जीव धोक्यात घातला, तर ते साहस म्हणता येईल. परंतु रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूने त्या साहसास संमती कोठे दिलेली असते?

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. त्यांच्याविषयीच्या दोन आख्यायिका या प्रसंगी एकत्र आठवाव्यात. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडविताना पोटचे मूल पायाखाली आले, ही एक. आणि थापटण्याने संतांची मस्तके ठोकून कोणते मडके कच्चे ते सांगितले, ही दुसरी. भक्तिमार्गात पहिलीचा अर्थ निराळा असेल. पण निर्मात्याने तीतून एवढे अवश्य घ्यावे की, तल्लीनता कितीही निर्मळ असली तरी पायाखाली कोण आहे हे ती पाहत नाही. म्हणूनच दुसरीतील थापटण्याची गरज पडते. आणि मडके कोणत्या भट्टीतले आहे, हे थापटणे विचारीत नाही.

आमचे गाऱ्हाणे आहे ते येथेच. नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडून तपासून घेण्याची जी पद्धत आहे, ती हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यास परवडते, एकच गाडी करणाऱ्यास ती कशी परवडावी? ब्रिटनमध्ये हौशी माणसाने बांधलेली एकुलती एक मोटारसायकलही ब्रेक, दिवे, आवाज व बांधणी यांची तपासणी होऊन रस्त्यावर येऊ शकते. तशी सोय जिल्ह्याच्या ठिकाणी झाली, तर वाटसरूचे रक्षण होईल व निर्मात्याचा तेजोभंगही होणार नाही.

परीक्षेत अनुत्तीर्ण होणे आणि परीक्षेस बसूच न देणे यांत महदंतर आहे. पहिल्याने कारागीर शहाणा होतो. दुसऱ्याने तो चोरून गाडी चालवू लागतो. आपल्या कृतीवर मस्तक ठेवून ‘हिला ठोकून पाहा’ असे जो जगास म्हणू शकतो, त्याचाच तिच्यावर खरा अधिकार. आणि त्याची कृती ठोकून पाहणे, हे समाजाचे कर्तव्य.