अहवाल कोणाचा?

चंदीगडलगतच्या मुल्लांपूर येथे २०२२ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने होमी भाभा कर्करोग रुग्णालय सुरू केले. उत्तरेकडील रुग्णांची परळपर्यंतची वणवण कमी व्हावी, हा त्यामागील हेतू. अशा रुग्णालयात एखाद्या स्त्रीच्या हाती कधी असा अहवाल येतो, की तिच्या ‘बीआरसीए-२’ या जनुकात जन्मजात दोष आहे. कागदावर नाव तिचे एकटीचे असते. मजकूर मात्र तिच्या एकटीचा नसतो. मग तो कोणाचा, हा वैद्यकाइतकाच नीतीचाही प्रश्न आहे.

पेशीतील डीएनएला सतत इजा होत असते. त्याचे दोन्ही धागे एकाच जागी तुटणे ही त्यांतील अत्यंत घातक इजा. १९९५ साली गवसलेल्या या जनुकापासून बनणारे प्रथिन ‘रॅड-५१’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला तुटल्या जागी आणून बसवते. मग गुणसूत्राच्या अखंड जोड-प्रतीवरून हरवलेला मजकूर पुन्हा लिहून काढला जातो. त्या प्रतीला जीवशास्त्राने ‘भगिनी’ असेच नाव दिले आहे. ही दुरुस्ती खुंटली की चुका साचतात आणि त्यांतून कर्करोग उद्भवू शकतो.

हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. सख्ख्या भावंडांत तो असण्याची शक्यता साधारणतः निम्मी. तरीही बोट दाखवले जाते ते लेकीबाळींकडे. धाकटीचे लग्न ठरायचे आहे, भाचीला स्थळे येत आहेत, म्हणून अहवाल कपाटात जातो. या मौनाला भ्याडपणा म्हणणे सोपे, परंतु अन्यायाचे आहे. कारण समाज अशा ज्ञानाची किंमत स्त्रीकडूनच वसूल करतो.

मात्र ज्या बहिणीच्या रक्षणासाठी हे मौन पाळले जाते, तिचाच नियमित तपासणीचा आणि वेळीच उपचाराचा अवसर ते हिरावून घेते. उलटपक्षी, न विचारता तिच्यापुढे भविष्य मांडणे हीही एक जबरदस्तीच. दोष असलेल्या दहा स्त्रियांपैकी सुमारे सात जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, असे अभ्यास सांगतात. उरलेल्या तिघींच्या वाट्याला कदाचित केवळ भय येईल. आणि आपण कोणत्या गटात, हे आधी कोणालाच कळत नाही.

म्हणून जाणून घेण्याजोगे काही आहे, एवढे सांगणे हे ऋण आहे; पुढे ऐकायचे की नाही, हा बहिणीचा अधिकार. एवढे सांगणेही निरुपद्रवी नसते. ते ऐकल्यानंतर पूर्वीचे अजाणपण परत मिळत नाही. पण त्या अजाणपणाची निवड तिने केलेलीच नव्हती. ती दुसऱ्याने तिच्यावतीने केली होती. सांगणारीवर हे ऋण टाकताना समाजाने स्वतःचेही विसरू नये: स्थळ नाकारण्याचे कारण म्हणून तो अहवाल जोवर वापरला जाईल, तोवर गप्प राहणाऱ्या स्त्रीला दोष देण्याचा अधिकार त्याला नाही.