एकच मत, पाच खुर्च्या

प्रिय नातीस,



परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, आमच्या मतदारसंघातून पाच जण निवडून जातात, मग मला पाच मतं का नाहीत?" तुझी आई घाईत होती, म्हणून उत्तर राहून गेलं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. वर्षानुवर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं, निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या, आणि इतका नेमका प्रश्न वर्गात मला कुणी विचारला नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

तुला पाच मतं दिली असती, तर त्या पाच जागांना काही अर्थच उरला नसता.

हे कळायला पुण्याच्या तुझ्या मावशीचा प्रभाग बघ. तिथे एका प्रभागातून चार नगरसेवक. मतदाराला चार मतं, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी एकेक. वरून दिसतं की चार जण आहेत, म्हणजे चार प्रकारच्या लोकांचा आवाज जाईल. प्रत्यक्षात समज, प्रभागातल्या 40 टक्के लोकांना एक पक्ष हवा आहे आणि बाकीचे 60 टक्के तीन-चार पक्षांत विखुरलेले आहेत. ते 40 टक्के लोक अ जागेवर आपला माणूस निवडतात, तेच ब जागेवर, तेच क आणि ड जागेवरही. चारही खुर्च्या एकाच पॅनेलच्या. साठ टक्क्यांच्या हाती शून्य. जागा चार असल्या तरी निवडणूक एकच, चारदा केलेली.

तुमच्या आयर्लंडमधल्या डब्लिन वेस्टमध्ये हेच उलट आहे. जागा पाच, मत एक. एका मताने एकाच जागेत हातभार लावता येतो, म्हणून कितीही मोठा गट असला तरी त्याला आपल्या वाट्याबाहेर हात घालता येत नाही. उरलेल्या जागा उरलेल्यांसाठी आपोआप मोकळ्या राहतात. मोठ्याला आपल्या मापात ठेवणं हेच या पद्धतीचं मर्म आहे, आणि मला ती याच कारणाने आवडते.

2024 च्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीत तुमच्याकडे काय झालं ते आठव. तेव्हा तुझं वय भरलं नव्हतं. पाच जागांवर फिआना फॉलचे जॅक चेंबर्स, फिना गेलच्या एमर करी, शिन फेनचे पॉल डॉनेली, सॉलिडॅरिटीच्या रूथ कॉपिंजर आणि ग्रीन पक्षाचे रॉडरिक ओ'गॉर्मन. पाच माणसं, पाच पक्ष. उजवीकडचे, डावीकडचे, सत्तेतले, विरोधातले. ओ'गॉर्मन तर त्या निवडणुकीत अख्ख्या देशातून निवडून आलेले ग्रीन पक्षाचे एकमेव खासदार. एकच खासदार निवडायचा असता, तर यांतले चार जण घरी बसले असते आणि त्यांना हवं म्हणणाऱ्या हजारो माणसांना आपलं म्हणायला सभागृहात कुणीच नसतं.

आता हिशेब सांगते. कागद घेऊन बस. समज, 48,000 वैध मतं पडली आणि जागा पाच आहेत. जागांत एक मिळवायचा, सहा झाले. 48,000 ला सहाने भागलं की 8,000, आणि त्यात एक मिळवला की 8,001. हा कोटा. एवढी मतं ज्याच्याकडे जमतील तो निवडून आला. सहाने का भागायचं, तेही करून बघ: 8,001 मतं पाच जणांना मिळू शकतात, सहाव्याला कधीच नाही, कारण त्यासाठी 48,006 मतं लागतील आणि ती नाहीतच. हेन्री ड्रूप नावाच्या इंग्रज वकिलाने एकोणिसाव्या शतकात हा हिशेब मांडला, आणि तो अजून तसाच चालतो.

मतपत्रिकेवर तू नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचेस. आधी सगळ्या मतपत्रिका 1 या आकड्याप्रमाणे लावतात. कुणाला 10,001 मतं मिळाली, म्हणजे कोट्यापेक्षा 2,000 जास्त, तर ती वाढीव मतं वाया घालवत नाहीत. त्याच्या सगळ्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वेगळ्या करतात. त्यांतल्या निम्म्यांवर 2 हा आकडा कॉपिंजरबाईंपुढे असला, तर 2,000 पैकी 1,000 त्यांच्याकडे जातात. कुणीच कोट्याला पोचलं नाही, तर सगळ्यांत खालचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे सरकतात. अशा फेऱ्या जागा भरेपर्यंत. म्हणून तुमच्याकडे मोजणीला कधी कधी दोन-तीन दिवस लागतात, आणि कठड्याला टेकून उभे राहिलेले पक्षांचे स्वयंसेवक पेटी उघडताच नुसत्या नजरेने आकडे टिपून अंदाज बांधतात. त्यांना तिकडे टॅलीमन म्हणतात. एकदा त्यांच्याजवळ उभी राहून बघ, पुस्तकातून कळणार नाही ते कळेल.

2020 ची तुमच्या मतदारसंघाची गोष्ट मी कायम सांगते. तेव्हा जागा चार होत्या. लिओ वराडकर पंतप्रधान होते. आपल्याच मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा हा मुलगा, 2007 मध्ये पहिल्यांदा डब्लिन वेस्टचा खासदार झालेला. निवडणुकीच्या आधी, डिसेंबर 2019 मध्ये, ते वराडला येऊन गेले, तेव्हा साऱ्या पंचक्रोशीत दिवाळी होती. आणि पुढच्याच फेब्रुवारीत, पंतप्रधानपदावर असताना, आपल्या मतदारसंघात ते पहिल्या क्रमांकावर आले नाहीत. पहिले आले शिन फेनचे डॉनेली, 28 टक्क्यांहून जास्त पहिल्या पसंतीसह. वराडकर कोट्याच्या थोडे अलीकडे थांबले आणि पाचव्या फेरीत निवडून आले. म्हणजे देशाच्या पंतप्रधानाला आपली जागा पक्की करायला दुसऱ्यांच्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यांची वाट पाहावी लागली. डॉनेलींची वाढीव मतंही दुसऱ्यांकडे गेली, कारण त्यांच्या पक्षाने तिथे दुसरा उमेदवार उभाच केला नव्हता. आपल्याला इतका पाठिंबा मिळेल हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

प्रतिस्पर्ध्याच्या समर्थकाकडेही उमेदवाराला जावं लागतं, हे मला या पद्धतीत फार मोलाचं वाटतं. तिथे दारावर येणारा उमेदवार म्हणतो, "पहिला नंबर मला देणार नसाल तर निदान दुसरा तरी द्या." इतरांना शिव्या देत फिरणाऱ्याला तो दुसरा नंबर मिळत नाही.

ही पद्धत तिथे फुकट आलेली नाही. 1920 च्या सुमाराला ब्रिटिशांनी ती आयर्लंडमध्ये आणली, अल्पसंख्यांना जागा राहावी म्हणून. पुढे बेट उत्तर-दक्षिण असं दुभंगलं. उत्तरेत ब्रिटनशी जोडून राहू इच्छिणाऱ्या युनियनिस्ट सत्ताधाऱ्यांनी 1929 साली आपल्या विधिमंडळाच्या निवडणुकीतून ती काढून टाकली, आणि 1972 मध्ये ते विधिमंडळ स्थगित होईपर्यंत सत्ता एकाच पक्षाकडे राहिली. तिथल्या अल्पसंख्य कॅथलिकांच्या मनात जे साचत गेलं, त्याची किंमत त्या प्रदेशाने पुढे रक्ताने मोजली. त्याला कारणं अनेक होती, पण हे त्यांतलं एक होतं असं मला ठामपणे वाटतं. 1973 मध्ये हीच पद्धत उत्तरेत परत आणावी लागली.

दक्षिणेत मात्र लोकांनी ती सोडली नाही. 1937 च्या घटनेत ती लिहिलेली आहे आणि कुठलाही मतदारसंघ तीनपेक्षा कमी जागांचा नसावा, हेही लिहिलेलं आहे. त्यामुळे ती बदलायची तर लोकांना विचारावं लागतं. 17 जून 1959 ला तेव्हाचे पंतप्रधान एमन डी व्हॅलेरांनी विचारलं. इंग्लंडसारखे एकेका जागेचे मतदारसंघ करावेत असा त्यांचा प्रस्ताव. त्याच दिवशी ते राष्ट्राध्यक्षपदासाठीही उभे होते. लोकांनी त्यांना राष्ट्राध्यक्ष केलं आणि त्यांचा प्रस्ताव फेटाळला, सुमारे 52 विरुद्ध 48 टक्क्यांनी. माणूस हवा, पण त्याच्या हाती सगळं नको. एकाच दिवशी, एकाच मतदान केंद्रात लोकांनी इतका विवेक दाखवल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. 1968 मध्ये त्यांच्या पक्षाने पुन्हा विचारलं, तेव्हा जवळजवळ 61 टक्के लोक नाही म्हणाले.

एका मतदारसंघात जागा किती, यावरही सगळं अवलंबून असतं. पाच जागांना सहावा हिस्सा पुरतो, तीन जागांना चौथा हिस्सा लागतो. म्हणून लहान पक्षाला तीन जागांचा मतदारसंघ जड जातो. 1974 मध्ये जेम्स टली नावाच्या मंत्र्यांनी डब्लिनमध्ये तीन-तीन जागांचे मतदारसंघ आखले, आपल्या आघाडीला फायदा व्हावा म्हणून. 1977 मध्ये लाट उलटी आली आणि तोच हिशेब त्यांच्यावर उलटला. नंतर सीमा आखायचं काम स्वतंत्र आयोगाकडे गेलं, ते बरं झालं.

यंत्रांबद्दलही सांगते, कारण तोही प्रयोग तुमच्याच मतदारसंघात झाला. 2002 मध्ये डब्लिन वेस्ट, डब्लिन नॉर्थ आणि मीथ या तीन ठिकाणी मतदान यंत्रं वापरली. निकाल एका क्षणात जाहीर झाला आणि डब्लिन नॉर्थच्या एका माजी न्यायमंत्री बाईंना मंचावर उभ्या उभ्या आपण हरल्याचं कळलं. लोकांना ते रुचलं नाही, आणि तज्ज्ञांच्या आयोगानेही यंत्रं वापरायची शिफारस करायला नकार दिला. पाच कोटी युरोंच्या वर खर्च झालेली ती यंत्रं शेवटी 2012 मध्ये सुमारे 70 हजार युरोंना भंगारात गेली. 2002 नंतर पुन्हा कागद आणि पेन्सिलच.

दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकाच मतदारसंघात उभे राहतात, तेव्हा धोरणं सारखीच असल्यामुळे कोण जास्त धावपळ करतं यावर स्पर्धा होते. खासदार कायदे वाचायचे सोडून रस्त्यावरचे खड्डे आणि पासपोर्टचे अर्ज बघत बसतात. सरकार बनायला वेळ लागतो: 2016 मध्ये 70 दिवस, 2020 मध्ये 8 फेब्रुवारीच्या मतदानापासून 27 जूनपर्यंत 140 दिवस. पण त्या 140 दिवसांनंतर फिआना फॉल आणि फिना गेल हे यादवी युद्धापासूनचे, म्हणजे शंभर वर्षांचे प्रतिस्पर्धी एकाच सरकारात बसले. मला तो उशीर परवडणारा वाटतो.

आपल्याकडे हे काहीच नाही असं समजू नकोस. राज्यसभेला आपले आमदार याच पद्धतीने मत देतात, नावांपुढे 1, 2, 3 लिहून. जून 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या सहाव्या जागेचा निकाल मध्यरात्रीनंतर दुसऱ्या पसंतीवरच लागला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपली संविधान सभाच 1946 मध्ये प्रांतांच्या आमदारांनी याच पद्धतीने निवडली होती. डॉ. आंबेडकरांच्या पक्षाला तेव्हा मुंबईच्या विधानसभेत बळ नव्हतं. ते बंगालमधून निवडून आले, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या आमदारांच्या पहिल्या पसंतीवर. ज्याला बहुमत त्याला सगळ्या जागा, असा नियम असता तर त्या वाटेने ते संविधान सभेत पोचले नसते.

आणि त्यांनीच जानेवारी 1949 मध्ये लोकसभेसाठी ही पद्धत नको म्हटलं. देशात साक्षरता फार कमी आहे आणि सभागृह लहान लहान गटांत फुटलं तर सरकार टिकणार नाही, ही त्यांची कारणं. पुढे 1952 मध्ये उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघातून ते हरले. तिथेही मतदाराला दोन मतं होती, पुण्याच्या प्रभागासारखीच. साक्षरतेचं कारण आज तितकं खरं राहिलेलं नाही. स्थैर्याचं कारण अजून खरं आहे, आणि त्याला सोपं उत्तर माझ्याकडे नाही. तरी लोकसभेच्या मोजणीत 35-40 टक्के मतांवर विजयी झालेल्याचा गुलाल उधळताना बघते, तेव्हा उरलेल्या साठ टक्क्यांचं काय, हा विचार मला सोडत नाही.

आता तुझ्या मतपत्रिकेबद्दल. फक्त 1 लिहून थांबू नकोस. तुझा उमेदवार बाद झाला आणि पुढे आकडा नसला, तर तुझं मत तिथेच संपतं. खालचा आकडा लिहिल्याने वरच्याचं काहीही बिघडत नाही, कारण वरच्याचा निकाल लागल्याशिवाय खालचा आकडा कुणी बघतच नाही. जो अजिबात नको त्याच्यापुढे काही लिहू नकोस. पण दोन नावडत्यांतला एक जास्त नावडता असेल, तर कमी नावडत्याला आठवा का होईना, आकडा दे. पाचव्या जागेची चुरस बहुतेक वेळा तिथेच ठरते.

आणखी एक काम. तुझ्या आईबाबांकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे, म्हणून डॉलसाठी, म्हणजे तिथल्या लोकसभेसाठी, त्यांना मत नाही. पण कौन्सिलच्या निवडणुकीत तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला मत आहे, आणि तेही याच पद्धतीने, पाच-सहा-सात जागांसाठी एक मत. 2024 मध्ये दोघांनी ते दिलं नाही, मी विचारलं होतं. पुढची कौन्सिलची निवडणूक 2029 ला. त्यांची नावं मतदार यादीत आहेत का ते या महिन्यात बघ, नसतील तर अर्ज भरून घे, आणि मला कळव.

तुझी,
आजी