प्रेरित ग्रंथकाराची क्षमायाचना

मक्काबी बंधूंच्या पराक्रमाचा वृत्तांत सांगणाऱ्या दोन ग्रंथांपैकी दुसऱ्याचा अनामिक लेखक आपले कथन संपवताना वाचकाची क्षमा मागतो. रचना सुबक उतरली असेल तर आपली इच्छा तीच होती, आणि सुमार झाली असेल तर आपल्या शक्तीची धाव तेवढीच होती, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. आणि कुरेनेच्या यासोनाने पाच खंडांत लिहिलेला इतिहास एकाच खंडात आणताना आपल्याला किती घाम गाळावा लागला व किती रात्री जागून काढाव्या लागल्या, हेही त्याने प्रस्तावनेत मोकळेपणाने नमूद करून ठेवले आहे. ग्रीक भाषेत लिहिणारा हा यहुदी संक्षेपकार आपण धर्मग्रंथ लिहीत आहोत अशा आविर्भावात कोठेही वावरत नाही. पुढे यासोनाचे पाचही खंड नष्ट झाले आणि संक्षेप तेवढा उरला. आणि आज कॅथलिक ख्रिस्तसभेची अशी श्रद्धा आहे की तो संक्षेप पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिला गेला असून त्याचा कर्ता प्रत्यक्ष परमेश्वर आहे.

कर्ता परमेश्वर आणि क्षमायाचना लेखकाची, या दोन गोष्टी एकाच पोथीत कशा नांदतात, हा प्रश्न ज्या देशात मीमांसकांनी वेदांच्या अपौरुषेयत्वाचा सिद्धान्त इतक्या निष्ठेने मांडला तेथील वाचकाच्या मनात तरी उठल्यावाचून राहणार नाही. शब्दात दोष शिरतो तो बोलणाऱ्याकडून, सबब ज्या शब्दाला बोलणारा कर्ताच नाही, मग तो कर्ता ईश्वर का असेना, तोच शब्द निर्दोष आणि स्वतःप्रमाण, असा मीमांसेचा युक्तिवाद आहे. इस्लामच्या श्रद्धेप्रमाणे कुराणातील शब्द पैगंबरांकडे वरून आला आणि त्यांनी तो जसाच्या तसा लोकांपर्यंत पोचवला. उभयपक्षी मानवी हाताचा स्पर्श जितका कमी, तितके प्रामाण्य निखळ. कॅथलिक धर्मशास्त्राने ही सोपी वाट सर्वस्वी पत्करली नाही. आत्मा सांगतो आणि लेखक केवळ उतरवून घेतो अशी भाषा त्यातही कित्येकांनी वापरली, हे खरे. तथापि तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनसने प्रधान कर्ता आणि साधनभूत कर्ता असा जो भेद केला, त्याच्या आधारे पुढील शास्त्रकारांनी असे प्रतिपादन केले की येथे साधन म्हणजे निर्जीव बोरू नसून स्वतःची बुद्धी, भाषा, स्मृती आणि उणिवा बरोबर घेऊन काम करणारा माणूस होय. म्हणूनच लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी आपण मुळापासून चौकशी करून लिहीत आहोत असे सांगू शकतो. आणि संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आपण कोणाकोणाला बाप्तिस्मा दिला याची यादी देता देता, आणखी कोणाला दिल्याचे आपल्याला आठवत नाही असे म्हणून मोकळा होतो. प्रेरित ग्रंथात विसराळूपणाचा कबुलीजबाब सापडावा, ही गोष्ट मला तरी या परंपरेच्या सामर्थ्याची खूण वाटते; कारण माणसाला मधून वगळून मिळवलेल्या प्रामाण्यापेक्षा माणसाला सोबत घेऊन मिळवलेले प्रामाण्य सिद्ध करणे कितीतरी अवघड असते.

अमुक ग्रंथ प्रेरित व अमुक नव्हे, हे मुळात ठरवले कोणी, याचे उत्तर एखादी तारीख सांगून देता येत नाही. सुमारे इ. स. २०० च्या आसपास अंत्युखियाचा बिशप सेरापिओन याने ऱ्होसस गावच्या ख्रिस्ती मंडळीला पेत्राच्या नावावर चालणारे एक शुभवर्तमान वाचण्याची परवानगी, स्वतः ते पुस्तक न वाचताच, देऊन टाकली होती. मागाहून त्याने ते मिळवून वाचले, बराचसा मजकूर श्रद्धेस अनुसरून असला तरी काही भेसळ त्याच्या नजरेस आली, आणि परवानगी रद्द झाली. या किश्श्यात दप्तरी कारभाराचा नेहमीचा ढिलेपणा असला, तरी त्यातील कसोटी ध्यानात घेण्याजोगी आहे: पुस्तकावरून श्रद्धा तपासली गेली नाही, प्रेषितांपासून चालत आलेल्या श्रद्धेवर पुस्तक तपासले गेले. इ. स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाच्या अथानासियसने आपल्या पास्काच्या पत्रात नव्या कराराचे आजचेच २७ ग्रंथ नमूद केले. पुढे उत्तर आफ्रिकेत हिप्पो येथे ३९३ मध्ये आणि कार्थेज येथे ३९७ मध्ये भरलेल्या धर्मसभांनी जुन्या करारासह सबंध यादी मंजूर केली, आणि तिच्यात मक्काबींचे दोन्ही ग्रंथ होते. तेवढ्याने वाद मिटला नाही. हिब्रू मूळाचा कैवार घेणाऱ्या संत जेरोमचे म्हणणे असे की मक्काबी, तोबित, यहुदीथ आदी पुस्तके मंडळीने बोधासाठी खुशाल वाचावीत, परंतु सिद्धान्ताच्या पुष्टीसाठी त्यांचा दाखला देऊ नये. उलट संत ऑगस्टीनच्या मते यहुद्यांनी मक्काबींचे ग्रंथ प्रमाण मानले नसले तरी ख्रिस्तसभेने ते मानले आहेत, आणि तेवढे पुरेसे आहे. एकाच ख्रिस्तसभेचे दोन महान आचार्य या बाबतीत परस्परविरोधी साक्ष देतात आणि ती हजार वर्षांहून अधिक काळ दोघांचीही साक्ष जपून ठेवते, याचे कारण निवाड्याची निकड तोवर कोणालाच भासली नव्हती.

ती निकड १५१९ मध्ये भासली. लाइपझिगच्या वादसभेत योहान एक याने मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेच्या समर्थनार्थ मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील तो प्रसंग पुढे केला, ज्यात रणांगणी पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तिपूजकांचे ताईत सापडल्यावर यहूदा मक्काबी त्यांच्या पापक्षालनासाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो. आणि मार्टिन ल्यूथरने उत्तर दिले की हा ग्रंथ प्रमाणग्रंथांतच मोडत नाही, सबब त्याची साक्ष वादात ग्राह्य नाही. याच्या उत्तरादाखल ट्रेंटच्या महासभेने ८ एप्रिल १५४६ रोजी ७३ ग्रंथांची यादी श्रद्धेचा भाग म्हणून जाहीर केली, आणि ती न मानणाऱ्यावर शापोक्ती उच्चारली; मात्र या प्रकरणी झालेल्या मतमोजणीत २४ मते अनुकूल, १५ प्रतिकूल आणि १६ तटस्थ पडली. ज्या यादीवर कोट्यवधी माणसांच्या श्रद्धेचा भार आहे, तिच्या पाठीशी त्या मतमोजणीत निम्मी सभादेखील एकमुखाने उभी नव्हती, हे ऐकून कोणी विजयाने हसेल व कोणी खजील होईल. मला दोहोंचेही कारण दिसत नाही. पवित्र आत्मा सभेतील मतभेद पुसून टाकूनच काम करतो असे मानणाऱ्याने, ग्रंथकाराचा घाम पुसून टाकल्याशिवाय ग्रंथ प्रेरित होत नाही, असेही मानायला हवे.

तरीही एक शंका शिल्लक राहते, आणि ती क्षुल्लक नाही. शास्त्राचे प्रामाण्य ख्रिस्तसभेने सांगायचे आणि ख्रिस्तसभेचा अधिकार शास्त्राने सांगायचा, म्हणजे दोन जामीन एकमेकांसाठी उभे राहावेत तसा हा प्रकार झाला. ऑगस्टीनने तर मानीच्या पंथाशी वाद करताना, ख्रिस्तसभेच्या अधिकाराने प्रवृत्त केले नसते तर शुभवर्तमानावर आपण विश्वास ठेवला नसता, असा अभिप्राय देऊन ठेवला आहे. या गाठीचा सर्वांत धीट उलगडा लूव्हेन येथील लेसियस या जेझुइट अध्यापकाने सुचवला: एखादा ग्रंथ, उदाहरणार्थ कदाचित मक्काबींचा दुसरा ग्रंथ, केवळ मानवी परिश्रमाने लिहिला गेला असेल आणि त्यात काही असत्य नाही अशी ग्वाही पवित्र आत्म्याने मागाहून दिली असेल, तर तोही पवित्र शास्त्र होऊ शकेल. आपल्या क्षमायाचक संक्षेपकाराची आठवण लेसियसला नेमकी का व्हावी, हे सांगायला नको. १५८७ मध्ये लूव्हेनच्या विद्यापीठाने त्याच्या विधानांचा निषेध केला, आणि पुढे १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने या प्रकारच्या सर्वच उपपत्तींवर पडदा टाकला: हे ग्रंथ पवित्र आहेत ते मानवी श्रमाने रचले जाऊन नंतर ख्रिस्तसभेची मंजुरी मिळाली म्हणून नव्हे, आत्म्याच्या प्रेरणेने लिहिले गेल्यामुळे परमेश्वर त्यांचा कर्ता आहे आणि त्याच रूपाने ते ख्रिस्तसभेच्या स्वाधीन झाले आहेत म्हणून.

हा भेद आपल्याकडच्या जमीनमहसुलाच्या इतिहासातून चटकन ध्यानी येईल. १८५२ मध्ये मुंबई इलाख्यात नेमलेल्या इनाम कमिशनने गावोगावच्या सनदा तपासून अस्सल कोणती व बनावट कोणती याचा निवाडा केला. परंतु ज्या सनदेला त्याने अस्सल ठरवले तिचे अस्सलपण काही कमिशनच्या शिक्क्याने जन्मले नव्हते, ते मूळ देणाऱ्याच्या हातचे होते. कॅथलिक भूमिका याच धर्तीची आहे, फरक एवढाच की येथे सनद तपासणारा हाच सनद मिळालेला इनामदारही आहे. विरोधकांचे बोट नेमके या फरकावर असते, आणि त्याला तर्काने चोख उत्तर देता येईल असे मला वाटत नाही. मात्र ग्रंथ स्वतःच स्वतःची ग्वाही देतो असे म्हणणाऱ्यालाही, ६६ ग्रंथ ग्वाही देतात आणि उरलेले सात का देत नाहीत, याचे उत्तर ग्रंथाबाहेर जाऊनच शोधावे लागते.

सिद्धान्ताने माणसाला दिलेली जागा कारभाराने मात्र वारंवार काढून घेतली. १६१६ हे साल या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात रोमच्या अधिकाऱ्यांनी पृथ्वी फिरते हे मत पवित्र शास्त्राच्या विरुद्ध ठरवून कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्त होईपर्यंत स्थगित केला. आणि त्याच वर्षी गोव्यात साष्टीतील राशोल येथे थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापून निघाले. रोममध्ये यहोशवाच्या काळी सूर्य थांबला या वाक्यातील एकेक अक्षर ज्योतिषाच्या सारणीसारखे वाचले जात होते, तर राशोलला सबंध जुन्या-नव्या कराराची कथा एका परकी माणसाने पुराणाच्या चालीवर, ज्ञानोबांच्या छंदात, स्वतःच्या निवडीने मोठ्या धिटाईने पुन्हा रचली होती. देशी भाषेतील बायबलाच्या वाचनाला १५६४ पासून बिशपची परवानगी लागत होती, ही गोष्ट या रचनेमागे असेलच. मराठीत नव्या कराराचे भाषांतर श्रीरामपूरहून विल्यम केरीने आणले ते १८११ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी. पण ग्रंथापूर्वी कथन होते आणि कथन सांभाळणारी मंडळी होती, हे कॅथलिक सूत्र त्या ओव्यांत जितके प्रत्ययास येते तितके रोमच्या त्या हुकुमात येत नाही.

सृष्टीचे स्वरूप शिकवणे हा शास्त्राचा हेतू नव्हे, असे ऑगस्टीनचे वचन गॅलिलिओने आपल्या बचावासाठी उद्धृत केले होते. तेच पोप तेराव्या लिओने १८९३ च्या परिपत्रात आपल्या बाजूने उद्धृत केले. एवढा समंजसपणा आल्यावरही कारभार पुन्हा बिचकला. १८९० मध्ये यरुशलेमला शास्त्राभ्यासाची शाळा काढणाऱ्या लाग्रांज या डॉमिनिकन पंडिताने पंचग्रंथीच्या घडणीचा ऐतिहासिक शोध घ्यायला सुरुवात केली, तर १९०६ मध्ये पोपच्या बायबल आयोगाने त्या पाचही ग्रंथांचे कर्तृत्व मोशेकडेच ठेवण्याचा आग्रह धरला, आणि १९१२ मध्ये लाग्रांजची काही पुस्तके सेमिनरींतून बाहेर काढण्यात आली. तो आज्ञाधारकपणे गप्प राहिला व १९३८ मध्ये वारला. त्यानंतर पाचच वर्षांनी बाराव्या पायसने प्राचीन लेखकांच्या लेखनप्रकारांचा अभ्यास हे शास्त्राच्या भाष्यकाराचे कर्तव्यच ठरवले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६२ मध्ये याच विषयावर जुन्या वळणाचा मसुदा आला, तेव्हा तो बाजूस ठेवावा असे १३६८ जणांनी व ठेवू नये असे ८२२ जणांनी म्हटले. दोन तृतीयांश मते भरत नसल्याने पोप तेविसावे जॉन यांनी स्वतः तो परत पाठवला. २ ऑक्टोबर १९६४ रोजी व्हिएन्नाचे कार्डिनल क्योनिग यांनी भर सभेत उदाहरण दिले की मार्कच्या शुभवर्तमानात दावीदाने पवित्र भाकरी खाल्ली ती अब्याथार मुख्य याजक असताना असे लिहिले आहे, वस्तुतः शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकानुसार तेथे अहीमलेख होता. अशी चूक आहे एवढे म्हणण्यासाठी पन्नास वर्षांपूर्वी एखाद्याला अध्यापकाची जागा गमवावी लागली असती. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी २३४४ विरुद्ध ६ मतांनी संमत झालेल्या संविधानात जी मांडणी आली तिचा आशय असा की आपल्या तारणासाठी परमेश्वराला जे सत्य ग्रंथबद्ध व्हावे असे वाटले ते शास्त्र निश्चितपणे व निर्दोषपणे शिकवते. आणि धर्मशिकवणीचा अधिकार देववचनाच्या वर नसून त्याचा सेवक आहे. मतदानापूर्वी सहाव्या पॉल यांच्या सूचनेवरून तारणाच्या सत्याविषयीच्या वाक्याची रचना किंचित फिरवण्यात आली, ती एवढ्यासाठी की शास्त्राचे काही भाग तारणविषयक सत्याचे आणि बाकीचे बेवारस, असा अर्थ कोणी काढू नये. या फिरवलेल्या वाक्याचेही पुढे दोन अर्थ झालेच: एका पक्षाच्या मते निर्दोषत्वाची मर्यादा तारणाच्या सत्यापुरतीच आहे, दुसऱ्याच्या मते तारणाचे प्रयोजन सबंध शास्त्राला व्यापून आहे आणि म्हणून निर्दोषत्वही, आणि दोन्ही पक्ष आजही त्याच एका वाक्यावर बोट ठेवून भांडतात. मत्तय आणि लूक यांनी तीच कथा सांगताना याजकाचे नाव गाळले आहे. मार्कच्या वाक्यात मात्र मिस्सेत ते वाचले जाते तेव्हा अब्याथारच असतो, आणि त्याच्या जागी अहीमलेख लिहावा असा हुकूम आजवर कोणत्याही पोपने काढलेला नाही.