रविवारचा खाडा

माझी मावशी परिचारिका होती. शनिवारची रात्रपाळी उरकून ती रविवारी सकाळी घरी यायची, तोवर मंडळीची पहिली घंटा झालेली असायची. बूट काढून ती पलंगाच्या कडेला टेकायची, सुजलेले घोटे चोळायची आणि मग उठून तोंडावर पाणी मारायची. साडी बदलून भक्तीला. उपदेश सुरू झाला की तिची मान कलंडायची. परतताना तिचा चेहरा उतरलेला असे, कारण देवाच्या घरात आपल्याला डुलकी लागली, याची तिला मनापासून लाज वाटे. आज घरीच झोप, असे तिला कुणी कधी म्हटले नाही. मीही नाही.

म्हणायला हवे होते, आणि त्याला आधार शास्त्रातच होता. राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन एका झुडपाखाली आडवा होतो. देवदूत येतो, पण त्याला एका शब्दाने रागवत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून खाऊ घालतो, तेव्हा कुठे पुढच्या वाटचालीचा विषय निघतो. थकलेल्या सेवकाला देवाने आधी झोपू दिले, हे आपल्या व्यासपीठांवरून फार क्वचित ऐकू येते.

ऊसतोड कामगारांच्या टोळीत एक शब्द आहे, खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातले एक जण ताप आला म्हणून, पोट दुखते म्हणून फडात गेले नाही, की तो खाडा. त्याचे पैसे हिशेबात धरले जातात आणि आधी घेतलेल्या उचलीसोबत अंगावर चढतात. आपल्या मंडळ्यांमधल्या भल्या, कष्टाळू माणसांकडे पाहिले की मला हा शब्द आठवतो. रविवारी संडे स्कूल, मग भक्ती, मग महिला मंडळ, दुपारी गायनमंडळाचा सराव, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. एखादी सभा चुकली, की मनात खाडा पडतो. या लोकांची श्रद्धा खरी आहे, म्हणून तर त्यांना ते लागते. पण आपण नकळत देवाला मुकादम करून ठेवले आहे.

शब्बाथाची आज्ञा बायबलात दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळे आहे. निर्गमात कारण सृष्टीचे : देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पुस्तकात कारण गुलामीचे : तूही मिसर देशात दास होतास, हे विसरू नकोस. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाने हे दुसरे कारण जपून ठेवावे, असे मला वाटते. इथे अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली सुरू झाले. पुढे जे ख्रिस्ती झाले, त्यांतले कितीतरी महारवाड्यांतून आले. वेस राखणे, सरकारी निरोप पोचवणे, मेलेले जनावर ओढून नेणे. अपरात्री हाक आली तरी उठायचे. त्या कामाला ना वेळ होती, ना वार. अशा घराण्यात जन्मलेल्याला हक्काने मिळालेला एक दिवस म्हणजे मिसरातून बाहेर आल्याची खूण आहे.

रविवारची सुट्टी गिरणी कामगारांनाही कुणी आपणहून दिलेली नाही. सरकारी कचेऱ्या त्या दिवशी बंद असत, गिरण्या मात्र नव्हत्या. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. आपल्या माणसांना रविवार का हवा, तर तो खंडोबाचा वार म्हणून. मालकांनी 10 जून 1890 रोजी ती मान्य केली. जो दिवस दुसऱ्याने जेजुरीच्या देवाचे नाव घेऊन झगडून मिळवला, तो आपण सभांच्या यादीत हरवून बसावे, हे मला पटत नाही.

आज्ञेच्या शब्दांकडे आणखी एकदा पाहावे. विसावा कुणाकुणाला? तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. या यादीत बायकोचे वेगळे नाव नाही. ती ‘तू’मध्येच आली, असे भाष्यकार सांगतात. आमच्या घरांत ती ‘तू’मध्येही आलेली नाही. भक्तीहून आल्यावर पुरुष अंगणात खुर्च्या टाकून उपदेशावर बोलत बसतात, आणि आत मटणाचे वाटण चालू असते, पाहुण्यांच्या भाकऱ्या चालू असतात, सोमवारच्या गणवेशांना इस्त्री व्हायची असते. अशा वेळी हमखास येशूच्या पाहुणचारात गुंतलेल्या मार्थेचे उदाहरण दिले जाते. पण येशूने मार्थेला स्वयंपाक केला म्हणून बोल लावला नाही. शंभर गोष्टींचा घोर लावून घेतला, याबद्दल तो बोलला. लाजर वारला तेव्हा येशूवरचा विश्वास स्पष्ट शब्दांत बोलून दाखवणारी हीच मार्था, हे योहानाच्या अकराव्या अध्यायात आहे. तिच्या कामाला कमी लेखून तिच्या बहिणीचे, मरीयेचे कौतुक करणारा उपदेश मला नेहमी अर्धवट वाटत आला आहे. मार्थेच्या चुलीशी कुणीतरी जायला हवे होते.

काम वाईट, असे मी म्हणत नाही. त्याच आज्ञेत सहा दिवस श्रम करायलाही सांगितले आहे. येशूने शब्बाथ दिवशी आजारी माणसे बरी केली, आणि रुग्णालय रविवारी बंद ठेवता येत नाही. म्हणूनच विसाव्याची सोय वारावर न सोडता माणूस पाहून करावी लागते.

पास्टरेट कमिट्यांना माझी विनंती आहे. महिन्यातले दोन रविवार दुपारनंतर एकही सभा ठेवू नका. रविवारचे जेवण शनिवारी रात्रीच करून ठेवावे आणि भांडी पुरुषांनी घासावीत, हे व्यासपीठावरून सांगा. आणि तुमच्या मंडळीत रात्रपाळी करून येणारी बाई असेल, तर तिच्या घरी जाऊन तिच्यासाठी प्रार्थना करा, खिडकीचा पडदा ओढा आणि तिला झोपू द्या.