पुरे म्हणायची पद्धत

ओमानला पहिल्यांदा जाणारा मराठी माणूस विमानातून जरा दबकतच उतरतो. हा धाक बहुतेक बातम्यांनी घातलेला. ओमानशी त्याचा संबंध थोडाच.

मस्कतमध्ये पहिला गोंधळ होतो तो वारांचा. सुट्टी शुक्रवार-शनिवारी, आणि रविवारी सकाळी ऑफिसं गजबजलेली! रमझानात दिवसा चारचौघांत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हेही अंगवळणी पाडावं लागतं.

पण खरी फजिती पाहुणचारात. खजुरांबरोबर वेलदोड्याची, बिनसाखरेची कॉफी येते. कप चिमुकला, बिनकानाचा आणि तोही अर्धामुर्धाच भरलेला. आपल्याकडे असा कप पुढे केला तर यजमान चिक्कू ठरेल. तिथे थोडी ओतणं हाच मान, कारण मग पुन्हा पुन्हा ओतता येते. पुरे झालं की रिकामा कप उजव्या हाताने हलकेच हलवायचा. हे ठाऊक नसलेला पाहुणा भिडेखातर पीतच राहतो, यजमान ओततच राहतो. दोघेही सभ्य, म्हणूनच अडकलेले.

आणि विमानातून उतरतानाच्या त्या धाकाचं म्हणाल, तर याच मस्कतमध्ये, सुलतानाच्या अल आलम राजवाड्याजवळ, मोतीश्वराचं जुनं शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीला तिथे दर्शनाची मोठी रांग लागते.