पारणंही व्रतच

द्वादशीला पारणं केल्याशिवाय एकादशी पुरी होत नाही, हे मी लग्नानंतरच्या पहिल्या आषाढीला सासूबाईंकडून शिकले. आमचं घर मिरजेचं, माळकरी. एकादशीच्या रात्री हरिपाठ झाला की सासूबाई पंचांग काढायच्या. द्वादशी किती वाजेपर्यंत आहे, हरिवासर कधी संपतो, ते बघून ठेवायच्या. हरिवासर म्हणजे द्वादशीचा पहिला चतुर्थांश. तेवढ्या वेळात पारणं करायचं नाही. तो उलटला की द्वादशी सरायच्या आत मात्र करायचंच. कधी द्वादशी सकाळी लवकर संपणारी असे. मग अंधारात उठून आम्ही सासू-सुना चुलीपाशी. वरण-भात, तूप, एखादी पालेभाजी, देवाला नैवेद्य आणि मग तोंडात घास. ‘मला आत्ता भूक नाही, मी दुपारी जेवेन’ असं म्हणायची सोय नव्हती. ज्या निष्ठेनं उपाशी राहायचं, त्याच निष्ठेनं जेवायचं.

हे आज लिहायचं कारण निराळं आहे. गुडघे आणि रक्तातली साखर या दोन्हींसाठी डॉक्टरांनी मला वजन उतरवायला सांगितलं. ज्या आहारतज्ज्ञ मुलीकडे मी जाते, तिनं पहिल्याच दिवशी आखून दिलेल्या तक्त्यात मधले काही आठवडे वेगळ्या रंगानं रंगवले होते. त्या आठवड्यांत वजन कमी करायचं नाही, आहे तेवढं टिकवायचं. म्हणजे शाळूची भाकरी एक जास्त, रात्री थोडा भात, आमटीवर तूप. पहिला असा पंधरवडा आला तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाई कळवळून म्हणाल्या, “अगं, इतकं निगुतीनं चाललंय आणि आता मध्येच सोडतेस? एकदा खंड पडला की पुन्हा घडी बसत नाही बघ.”

त्यांची काळजी खोटी नाही. नियम सुटला की सुटतच जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण मला त्यांच्या बोलण्यातून जुनाच एक प्रश्न दिसला: नियम घेतलेल्या माणसानं काही काळ नियमाबाहेर येणं, हा नियमाचा भंग की नियमाचाच एक भाग?

भागवताच्या नवव्या स्कंधात अंबरीष राजाची कथा आहे. कीर्तनात ती आपण ऐकतो ती सुदर्शनासाठी. चक्र दुर्वासांच्या पाठी लागतं, ते ब्रह्मदेवाकडे, शंकराकडे, विष्णूकडे धावतात, ती धावपळ ऐकायला गोड लागते. मला मात्र त्याआधीचा पेच महत्त्वाचा वाटतो. राजानं वर्षभर द्वादशीचं व्रत केलेलं. पारण्याची वेळ झालेली. तेवढ्यात दुर्वास अतिथी म्हणून येतात, जेवणाचं आमंत्रण घेतात आणि यमुनेवर स्नानाला जातात ते परतत नाहीत. द्वादशी अर्ध्या मुहूर्तावर आलेली. अतिथीच्या आधी जेवावं तर अधर्म, आणि द्वादशी जाऊ द्यावी तर व्रताला दोष. राजा ब्राह्मणांना विचारतो आणि नुसतं पाणी पितो, कारण पाणी पिणं हे खाल्ल्यासारखंही आहे आणि न खाल्ल्यासारखंही. या कथेत ‘मग राहा आणखी थोडा वेळ उपाशी, पुण्यच वाढेल’ असं कुणीही म्हणत नाही. वर्षभर व्रत केलेल्या माणसाला आणखी उपाशी राहणं अवघड नव्हतं. पण वेळेवर न सोडलेला उपवास हा शास्त्रानं अधिक मोठा उपवास मानला नाही, दोष मानला.

कुणी म्हणेल, पुढे दुर्वास परत येईपर्यंत राजा वर्षभर पाण्यावरच राहिला की! राहिला, पण तो उपवास व्रताचा नव्हता, दारात आलेला अतिथी उपाशी गेला म्हणून होता. त्यातही दुर्वास आल्यावर त्यानं आधी त्यांना जेवू घातलं आणि मग स्वतः जेवला.

आपला चातुर्मास बघा. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. पुढे चार महिने कांदा-लसूण आणि वांगं वर्ज्य करायचं, म्हणून त्या दिवशी घराघरांत कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं. आणि शेवट मार्गशीर्षात चंपाषष्ठीला: खंडोबाला वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा. एका बाजूला खाण्याचा सण, दुसऱ्या बाजूला खाण्याचा सण, मध्ये संयम. ज्यांनी हे बसवलं त्यांना माणसाचं मन ठाऊक होतं. त्यांनी चंपाषष्ठीचं भरीत चोरून खाण्याची गोष्ट ठेवली नाही, देवापुढं ठेवली.

आमच्या गल्लीत एका श्वेतांबर जैन घरातल्या बाईंनी वर्षीतप केलं. त्यात एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणं, म्हणजे दिवसातून दोन वेळा बसून जेवण. असं तेरा महिन्यांच्या आसपास चालतं आणि अक्षय्यतृतीयेला उसाच्या रसानं पारणं होतं, ऋषभदेवांच्या पारण्याची आठवण म्हणून. इतक्या कडक तपातसुद्धा जेवणाचा दिवस ठरलेला. तो दिवस तपाच्या हिशेबातून कुणी वजा करत नाही.

शरीराचं म्हणणं काय, तेही मी समजून घेतलं. बरेच दिवस कमी खाल्लं की शरीर खर्च आवरतं. हलणं-चालणं नकळत मंदावतं, चरबीतून निघणारं लेप्टिन कमी होतं आणि भूक वाढते. ऑस्ट्रेलियात टास्मानिया विद्यापीठाच्या नुआला बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूल पुरुषांवर एक प्रयोग केला. तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटानं सलग 16 आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्यानंही 16 आठवडेच, पण दोन आठवडे कमी आणि दोन आठवडे वजन टिकवण्यापुरतं, असं आलटून-पालटून 30 आठवड्यांत. थांबत-थांबत गेलेल्या गटाचं वजन सरासरी 14 किलोंनी उतरलं, सलग गेलेल्यांचं 9 किलोंनी. म्हणून ही जादू आहे असं मी म्हणणार नाही. 2021 मध्ये व्यायामाची सवय असलेल्या स्त्री-पुरुषांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात चरबी दोन्ही गटांची सारखीच उतरली. थांबणाऱ्यांना भूक मात्र कमी लागली. मला या सगळ्यांत जवळचा वाटतो तो अमेरिकेतल्या रेना विंग आणि रॉबर्ट जेफरी यांचा 2003 मधला अभ्यास. माणसं नियमातून घसरतात कशी, हे बघायला त्यांनी लोकांना मुद्दाम सुट्टी घ्यायला लावली. पण सांगून दिलेल्या सुट्टीनं माणसं अपेक्षेप्रमाणे घसरलीच नाहीत. सुट्टी संपल्यावर पुन्हा नियमाला लागली.

सासूबाईंना हे वाचून दाखवलं असतं तर त्यांना यात नवल वाटलं नसतं. द्वादशीला जेवलेल्या बाईला पुढची एकादशी जड जात नाही, हे त्या जन्मभर बघत होत्या.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. वजन उतरवणं म्हणजे व्रत नव्हे आणि एकादशी वजनासाठी करू नये. देवाच्या नावानं केलेली गोष्ट वजनकाट्यावर चढवली की ती देवाची राहत नाही. पण नियम धरणारं मन दोन्हीकडे एकच असतं, आणि त्या मनाला होणारा रोगही एकच असतो. तो रोग म्हणजे नियमाचा अभिमान. गीतेच्या सतराव्या अध्यायात दंभानं आणि अहंकारानं शरीर सुकवणाऱ्यांना भगवंत आसुरी निश्चयाचे म्हणतात, कारण ते आत राहणाऱ्या भगवंतालाही कष्टवतात. सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्याला योग नाही म्हणतानाच अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, असं स्पष्ट सांगितलं आहे. गौतमानं सहा वर्षं देह वाळवला आणि सुजातेची खीर घेतली, तेव्हा बरोबरचे पाच तपस्वी ‘हा ढळला’ म्हणून सोडून गेले. ढळला कोण होता, ते पुढं सारनाथला त्या पाचांनाच कळलं.

पहिल्या पंधरवड्यात दुसरा भात वाढून घेताना माझाही हात थांबत होता. ती केवळ वजन वाढण्याची भीती नव्हती. ‘मी कशी कडक राहते’ हे जाऊबाईंना दाखवण्याची जी गोडी लागली होती, ती सोडवत नव्हती. भात सोडण्यापेक्षा ती सोडणं अवघड आहे. म्हणून मी विरामाला तपाचा भाग मानते: त्यात अन्नाची परीक्षा संपते आणि अभिमानाची सुरू होते.

मात्र पारण्याला वेळ असते, तशी ती विरामालाही हवी. आधी ठरलेला पंधरवडा आणि लग्नघरातल्या जिलेबीपुढं ऐनवेळी आठवलेला पंधरवडा, यांत ताटातला पदार्थ एकच असला तरी खाणारं मन निराळं असतं. पहिल्यात मी नियमाच्या हातात असते, दुसऱ्यात जिलेबीच्या. म्हणून सुरुवातीची आणि शेवटाची, दोन्ही तारखा आधी लिहाव्यात, घरातल्यांना सांगाव्यात आणि शेवटची तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या ताटावर यावं. मधल्या काळात काटा किलोभर वर गेला तर घाबरू नये. भात-भाकरी वाढली की शरीर तिच्याबरोबर पाणीही धरून ठेवतं, आणि ते नंतर उतरतं.

माझ्या वयाच्या ज्या बायका हे वाचत असतील त्यांना एक विनंती. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर खाणं कमी करण्याआधी आणि ते पुन्हा वाढवण्याआधीही डॉक्टरांना विचारा. औषधाचं प्रमाण बदलावं लागू शकतं. आणि घरातली कुणी ठरवून थांबली असेल, तर तिला ‘सोडलंस का?’ असं विचारू नका. पुन्हा कधी सुरू करणार ते विचारा, आणि त्या दिवशी तिच्यासोबत जेवायला बसा.